सागवानी झोपाळा, पितळी कड्या आणि चार मिनिटांची स्वस्थता: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावर आमच्या नाशिकमधील इंदिरानगरच्या घरात जुन्या सागवानाचा पाट आणि पितळी कड्या असलेला झोपाळा बसला. त्याला आता दहा महिने होत आले. झोपाळा घ्यायचे ठरवले तेव्हा मी पुष्कळ शोधाशोध केली होती. किमती मिळाल्या, छायाचित्रे मिळाली, कड्यांवरच्या मोर-हत्तींच्या नक्षीचे नमुनेही मिळाले. परंतु दिवसभर राबून घरी येणाऱ्या माणसाला या वस्तूवर खरोखर विसावा मिळतो का, एवढी एकच गोष्ट कोणी लिहिलेली आढळली नाही. ती लिहिण्यासाठी हा अभिप्राय आहे.

आमच्या घराची घडी आधी सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. मी एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करते. आमचा महिना पंचांगावर चालत नाही, तारखांवर चालतो: ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचा, भरणा; ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे. त्यावर जुलैची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि सप्टेंबरची लेखापरीक्षणे. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला आहेत. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. मुलगी दहावीत आणि सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. अशा घरात मोकळा वेळ अजिबात नसतो असे मी म्हणणार नाही. रात्री साडेनऊनंतर अर्धा तास मिळत असे. पण तो अर्धा तास हातात आला की त्याचे काय करावे ते कळत नसे. हात आपोआप फोनकडे जाई, आणि फोनवर अशिलांचे निरोप वाट पाहत असत.

याआधी दोन उपाय करून पाहिले होते. फोनवरचे ध्यानाचे एक ॲप सहा महिने वापरले. ते रोज ठरावीक वेळी आठवण करून देई आणि सलग किती दिवस बसलात याचा हिशेब ठेवी. दिवसभर मुदतींच्या मागे धावणाऱ्या माणसाला ती आणखी एक मुदत झाली. नंतर एका फर्निचरच्या दुकानातून पाठ मागे रेलणारी मोठी खुर्ची आणली. तिच्यावर झोप लागे. पण ती अवेळी लागलेली, मान अवघडवणारी झोप होती आणि उठल्यावर डोके जड होई. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करावे अशी इच्छा फार दिवसांपासून आहे. माझ्या नणंदेने ते केले आहे. पहाटे चारची घंटा, दहा दिवस निवास आणि जवळजवळ सारा काळ मौन असे सगळे तिच्याकडून ऐकले आहे. तेथे शुल्क घेत नाहीत, त्यामुळे पैशांची अडचण नव्हती. सलग दहा दिवस ज्या महिन्यात काढता येतील असा महिना माझ्या वर्षात अजून आलेला नाही.

झोपाळ्याची कल्पना सासूबाईंची. त्यांचे बालपण जुन्या नाशकातल्या एका वाड्यात गेले. तो वाडा आता उभा नाही, पण त्याच्या माजघरातला झोपाळा त्यांच्या बोलण्यात दर आठवड्याला येतो. एकदा २० तारखेच्या रात्री मी अकरा वाजता जेवायला बसले असताना त्या म्हणाल्या, "आमच्याकडे घरचा हिशेब मिटला की वडील झोपाळ्यावर जाऊन बसत. मग त्यांच्याशी कोणी बोलत नसे. ते उठले की दिवस संपला." दिवस संपल्याची अशी काही खूण असते, हे मी विसरूनच गेले होते. आमच्या घरात दिवस संपत नसे, तो फक्त झोपेने तुटत असे.

खरेदीचे थोडक्यात सांगते. पाट जुन्या लाकडाच्या एका वखारीतून करून घेतला. नाशकातले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब अशा वखारींत येतात. त्या सागवानाचा मोठा गुण असा की ते कित्येक दशके वाळलेले असते, म्हणून नवा पाट जसा पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात वाकतो तसे त्याचे सहसा होत नाही. आमचा पाट साडेचार फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. तीन फळ्या जोडून खालून दोन आडव्या पट्ट्या दिल्या आहेत. डाव्या कडेला एका जुन्या खिळ्याचा काळपट डाग आहे. पॉलिशवाल्याने तो लांबी (पुट्टी) भरून झाकून देतो म्हटले होते. आम्ही राहू दिला, आणि आता बसले की माझे बोट न बघता त्या डागावर जाते.

कड्या तांबट लेनच्या परिसरात घेतल्या. नाशिक हे तांब्या-पितळेचे जुने गाव आहे, त्यामुळे कड्यांसाठी बाहेरगावी मागणी नोंदवण्याचे कारण नव्हते. कड्या वजनावर विकतात. आमच्या चार कड्यांचे मिळून अकरा किलो भरले. येथे एक सूचना करते, कारण आम्हाला तिचा फटका बसला. कड्या तीन-चार तुकडे एकमेकांत अडकवून केलेल्या असतात आणि प्रत्येक तुकड्यात थोडा फरक असला तरी खाली येईपर्यंत तो वाढतो. आमची एक कडी इतरांपेक्षा जवळजवळ पाऊण इंच लांब निघाली आणि पाट एका कोपऱ्यात कललेला राहिला. बसणाऱ्याला ते आधी डोळ्यांना नव्हे, कमरेला कळते. दुकानदाराने कडी बदलून दिली, परंतु त्यासाठी चार फेऱ्या आणि तीन आठवडे गेले; मुळात पाडव्याला देतो म्हटलेला माल अक्षय्य तृतीयेनंतर हाती आला होता, त्यात ही भर. तेव्हा चारही कड्या दुकानातच एका खुंटीला शेजारी-शेजारी टांगून पाहाव्यात आणि मगच पैसे द्यावेत.

हुक कोठे मारायचे, या प्रश्नावर मात्र कोणीही घाई करू नये. मिस्त्रींना ते दिवाणखान्याच्या मधोमध, स्लॅबमध्ये मारायचे होते, कारण तेथे झोपाळा शोभून दिसतो. माझे दीर बांधकाम अभियंता आहेत. त्यांनी त्याला साफ नकार दिला आणि हुक आरसीसी बीममध्येच, म्हणजे स्लॅबला आधार देणाऱ्या काँक्रीटच्या तुळईत, घ्यायला लावले. त्यांनी सांगितलेले कारण पटण्यासारखे होते. टांगलेला स्थिर भार एक असतो आणि हलता भार वेगळा. झोका तीस अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना हुकावर वजनाच्या साधारण सव्वापट ताण येतो, आणि तो एकदा नव्हे, रोज शेकडो वेळा येतो. त्यामुळे आमचा झोपाळा मधोमध नाही, गॅलरीच्या दाराकडे सरकलेला आहे. शोभेत थोडी कमी आली. पण संध्याकाळी वारा तिकडूनच येतो, म्हणून आता ती जागाच बरी वाटते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी लोखंडी स्टँडवरचे झोपाळे मिळतात. एका मैत्रिणीकडे मी त्यावर बसले आहे. स्टँड स्वतःच किंचित डुलतो आणि शरीर सावध राहते, त्यामुळे मला तरी तेथे तो आराम मिळाला नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिले पंधरा दिवस मी झोपाळ्यावर बसत होते, पण विसावत नव्हते. पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा द्यायचा, झोका मंदावला की पुन्हा रेटा द्यायचा, आणि डोक्यात उद्याच्या फायली. सासूबाई समोरच्या खुर्चीवर वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पाय वर घे. सारखा रेटा देत बसलीस तर तेही कामच झालं की."

"मग झोका थांबेल ना, आई."

"थांबू दे. थांबायलाच तर बसायचं."

मी मांडी घातली. एकच रेटा दिलेला होता. झोका आधी गॅलरीच्या दारापर्यंत जात होता, मग पडद्याच्या कडेपर्यंत, मग फरशीच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत. पुढे तो इतका लहान झाला की तो चालू आहे हे डोळ्यांना दिसेना, फक्त पोटात जाणवत होते. आणि मग केव्हातरी तो थांबलेला होता. तो कोणत्या क्षणी थांबला हे मला सांगता आले नाही. पुढेही कित्येकदा तो क्षण पकडण्याचा प्रयत्न केला, तो सापडत नाही. त्या काळात मी काहीही करत नव्हते, आणि काहीही न करता बसले आहे याची टोचणीही नव्हती, कारण झोका त्याच्या गतीने मिटत होता आणि मला त्यात हात घालण्याचे कारण नव्हते. ध्यानाच्या ॲपने सहा महिन्यांत जे साधले नाही ते त्या एका झोक्यात झाले असे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

तेव्हापासून आमचा नियम साधा आहे. जेवणानंतर एकच रेटा, पाय वर, आणि झोका आपला आपण थांबेपर्यंत उठायचे नाही. कोणाला हवा असेल तर दुसरा रेटा, तिसरा रेटा; पण प्रत्येक झोका पुरता मिटू द्यायचा. फोन पाटावर आणायचा नाही. या नियमामुळे वेळ काढण्याचा प्रश्नच बदलला. अर्धा तास काढणे मला जमत नव्हते. एक झोका कोणालाही जमतो, अगदी २० तारखेलाही.

वेळेचा विषय निघालाच आहे तर झोक्याचे गणित सांगते, कारण विकत घेणाऱ्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. झोका जाऊन परत यायला किती वेळ लागतो हे बसणाऱ्याच्या वजनावर नाही, टांगलेल्या लांबीवर ठरते. लंबकाचा हा नियम आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. आमच्याकडे हुकापासून पाटापर्यंत साधारण आठ फूट अंतर आहे आणि एका हेलकाव्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला वीस. एका हेलकाव्यात श्वास आत आणि दोन हेलकाव्यांत बाहेर, असे जुळवले तर मिनिटाला सहा-सात श्वास होतात. विसाव्याच्या स्थितीतही मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो, हे ध्यानात घेतले तर हा किती संथ श्वास आहे ते कळेल. मला तो मोजावाही लागत नाही, तो झोक्याबरोबर आपोआप लांबतो.

झुलण्याने झोप का येते यावर स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे संशोधन झाले आहे. २०११ मध्ये तेथील संशोधकांनी बारा जणांना दुपारी ४५ मिनिटे एकदा स्थिर आणि एकदा हळूहळू हलणाऱ्या बिछान्यावर झोपवले. हलत्या बिछान्यावर झोप लवकर लागली आणि गाढ झोपेशी संबंधित मेंदूतील मंद लहरी वाढल्या. २०१९ मध्ये अठरा तरुणांवर रात्रभराच्या झोपेचा असाच अभ्यास झाला, आणि त्याच सुमारास उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा ज्यांच्यात काम करत नव्हती त्यांच्यावर झुलण्याचा हा परिणाम झाला नाही. म्हणजे पाळण्यातल्या बाळाला आणि झोपाळ्यावरच्या आजोबांना पेंग येते ती कानाच्या आतल्या वाटेने येत असावी. माणसांवरच्या दोन्ही प्रयोगांत हेलकाव्याला चार सेकंद लागत होते. तेवढा संथ झोका हवा तर सुमारे चार मीटर लांबी लागते, जी सदनिकेत मिळणे शक्य नाही. नागपंचमीला चिंचेच्या उंच फांदीला बांधलेल्या झोक्यालाच ती मिळते. तेव्हा आपल्या छताची उंची जेवढी देईल तेवढी पूर्ण घ्यावी. दिसायला चांगले म्हणून छताखाली सजावटीची आडवी नळी घेऊन तिला आखूड कड्या लावलेले झोपाळे दुकानांत दिसतात. ते भरभर हलतात आणि त्यांच्यावर बसल्यावर मन शांत होण्याऐवजी लगबगीला लागते.

यानंतर त्या सुट्या भागाविषयी, म्हणजे हुकाविषयी, ज्याच्याकडे मी खरेदीच्या वेळी लक्षच दिले नव्हते. आमच्या कड्या पहिल्यांदा साध्या पोलादी हुकात अडकवल्या होत्या. पितळ पोलादावर घासले की कुरकुर होते. खोबरेल तेल लावले, मेण चोळले, ग्रीस भरले. आठवडाभर शांतता आणि पुन्हा कुरकुर. घर्षणाचा दुसरा तोटा मला उशिरा कळला. झोका दीड मिनिटात थांबत होता. मनाची गर्दी ओसरायला लागते न लागते तोच पाट उभा राही. दिवाळीच्या आधी आम्ही हुक काढून बेअरिंगचे, म्हणजे घर्षण कमी व्हावे म्हणून आत फिरता भाग असलेले, हुक बसवले. आता त्याच एका रेट्यावर झोका चार मिनिटे चालतो. दीड मिनिट आणि चार मिनिटे यांतला फरक कागदावर लहान दिसतो, पण पहिली दोन मिनिटे तर दिवसभराचे आवाज बसण्यातच जातात. मला विचाराल तर नक्षीच्या कड्या घेऊ नका, पॉलिश साधे करा, पण बेअरिंग उत्तम घ्या. सगळ्या खर्चात सर्वांत कमी पैसे त्याला लागले आणि विसावा मात्र त्यानेच वाढवला.

उणिवाही आहेत. झोपाळ्याला पुढे-मागे मिळून सहा-सात फूट मोकळी जागा लागते, आणि ती जागा एकदा दिली की दिवाणखान्यात दुसरे काही नीट बसत नाही. रिकामा पाट दिसला की त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग येतो. त्याची सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी लागते. ज्यांना चक्कर येण्याचा किंवा तोल जाण्याचा त्रास आहे त्यांनी आधी कोणाकडे तरी बसून पाहावे. वृद्धांसाठी बसण्या-उठण्याचा क्षण धोक्याचा असतो, कारण टेकायला जावे तेव्हाच पाट मागे सरतो. आम्ही पाटाची उंची सोळाऐवजी अठरा इंच ठेवली आहे आणि मागच्या कडीला एक सुती दोरी बांधून ठेवली आहे. सासूबाई बसताना आणि उठताना ती खिडकीच्या गजाला अडकवायची. त्या नीट बसल्या की दोरी सोडायची. हे काम मुलीने स्वतःहून घेतले आहे, आणि दोरी सोडली की तीही अभ्यासाची वही बाजूला ठेवून आजीशेजारी चार मिनिटे बसते. दोघी फारसे बोलत नाहीत. रिकामा झोपाळा हलवू नये असे सासूबाई मानतात, म्हणून उठताना मुलगी पाटाला हात लावून तो थांबला आहे ना ते बघते.

एकूण खर्च ४१,५०० रुपये झाला: पाट आणि पॉलिश १७,०००, कड्या १८,५००, हुक मारण्याची मजुरी २,८०० आणि नंतरचे बेअरिंग ३,२००. लोखंडी कड्या घेतल्या असत्या तर बरीच बचत झाली असती आणि झुलण्यात काही उणे राहिले नसते. पितळ आम्ही सासूबाईंसाठी घेतले. वाड्यातल्या कड्या त्यांच्या आईने दसऱ्याला चिंचेने घासल्याचे त्यांना आठवते, आणि या दसऱ्याला आमच्या कड्या त्यांनी खुर्चीवर बसून, हात पोहोचेल तेवढ्या, स्वतः घासल्या.

यजमानांची दुसरी पाळी असते तेव्हा ते रात्री बाराच्या सुमारास घरी येतात. पूर्वी ते सरळ अंथरुणावर पडत आणि दोन-दोन वाजेपर्यंत कूस बदलत राहत. यंत्रांचा आवाज कानातून जात नाही, असे म्हणत. आता ते हातपाय धुऊन आधी झोपाळ्यावर बसतात. साध्या हुकांच्या दिवसांत कुरकुर ऐकून मला झोपेतही कळे की ते आले आहेत आणि बसले आहेत. बेअरिंग लावल्यापासून काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी उठून पाहायला जाते. दिवा लावलेला नसतो. गॅलरीतून रस्त्यावरचा थोडा उजेड येतो, त्यात कड्यांची पितळी रेघ पुढे येते आणि मागे जाते, आणि ते डोळे मिटून, पाय वर घेऊन बसलेले असतात. मी हाक मारत नाही. दाराशी उभी राहते, रेघ हलायची थांबली की पाणी घेऊन जाते.